खांदा कोणत्या प्रकरणात सापडतो?

बहुतेक शाळांच्या प्रयोगशाळेत मानवी शरीराचे तीन-चार तक्ते टांगलेले असतात. एकावर हाडांचा सांगाडा, दुसऱ्यावर स्नायू, तिसऱ्यावर लाल-निळ्या रक्तवाहिन्या आणि चौथ्यावर पिवळ्या रेघांनी काढलेले मज्जातंतू. आता समजा, नववीतल्या एखाद्या मुलीने विचारले, "बाई, काखेत नेमके काय काय असते?" बाई चारही तक्त्यांकडे पाहतील आणि त्यांच्या लक्षात येईल की ह्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक तक्त्यावर थोडे थोडे आहे, पण पूर्ण उत्तर एकाही तक्त्यावर नाही. काख हा शरीराचा एक प्रदेश आहे आणि तक्ते प्रदेशांचे नसून संस्थांचे आहेत.

हा दोष तक्ते छापणाऱ्यांचा नाही. परंपरा फार जुनी आहे. १५४३ साली प्रसिद्ध झालेल्या व्हेसालियसच्या ग्रंथातही हाडे, स्नायू, रक्तवाहिन्या, मज्जातंतू अशीच विभागणी होती. आधुनिक काळात ह्या मांडणीचा सर्वांत प्रभावी नमुना म्हणजे हेन्री ग्रे ह्याचा १८५८ सालचा ग्रंथ. 'ग्रेज अ‍ॅनॅटमी' हे त्याचे नाव वैद्यकाशी संबंध नसलेल्यांनीही ऐकलेले असते. अशा ग्रंथाचे परीक्षण शिक्षकांच्या मासिकात कशासाठी, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, शरीर कसे शिकवावे ह्याविषयीच्या आपल्या सवयी अशाच ग्रंथांतून आलेल्या आहेत. सगळा ग्रंथ येथे तपासणे शक्य नाही. म्हणून आम्ही एकच प्रदेश घेतो, खांदा आणि त्याचा रक्तपुरवठा, आणि ग्रंथ तेथे कितपत उपयोगी पडतो ते पाहतो.

ग्रंथ आणि त्याचे दोन कर्ते

ग्रंथ लिहिला ग्रेने, पण त्यातील चित्रे काढली हेन्री व्हॅन्डाइक कार्टर ह्याने. दोघेही लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात काम करीत होते. ग्रंथ बाहेर पडला तेव्हा ग्रे एकतीस वर्षांचा होता आणि कार्टर सत्तावीस वर्षांचा. ७५० पाने आणि ३६३ चित्रे असा त्याचा पसारा होता. ग्रे १८६१ साली देवीच्या रोगाने मरण पावला.

कार्टरचा आपल्याशी थेट संबंध आहे. ग्रंथ प्रसिद्ध होण्यापूर्वीच, १८५८ च्या आरंभी, तो मुंबईस आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याने शरीररचना आणि शरीरक्रिया हे विषय शिकविले, काही वर्षे साताऱ्यास काढली आणि पुढे तो त्याच कॉलेजचा प्राचार्य झाला. कुष्ठरोग, मायसेटोमा हा पायाचा रोग आणि उलटून येणारा ताप ह्यांवर त्याने येथे महत्त्वाचे संशोधन केले. मात्र ज्या चित्रांमुळे ग्रंथ गाजला, त्यांचे श्रेय त्याला पुरेसे मिळाले नाही. मुखपृष्ठाची कच्ची छपाई तपासताना ग्रेने कार्टरच्या नावाचा आकार कमी करायला लावला, ही गोष्ट रूथ रिचर्डसन ह्यांनी ग्रंथाच्या जन्मकथेवरील आपल्या २००८ सालच्या पुस्तकात उजेडात आणली. आज ग्रंथ ओळखला जातो तो एकट्या ग्रेच्या नावाने.

कार्टरच्या चित्रांचे वैशिष्ट्य असे की, अवयवाचे नाव त्या अवयवावरच छापलेले असते. रोहिणीचे (हिलाच हल्ली धमनी म्हणतात) नाव रोहिणीच्या अंगावरून वळत जाते, स्नायूचे नाव स्नायूच्या तंतूंच्या दिशेने धावते. आकडा पाहायचा आणि मग खालच्या यादीत नाव शोधायचे, हा व्याप वाचतो. फळ्यावर आकृती काढणाऱ्या कोणत्याही शिक्षकाने ही युक्ती उचलावी.

एकच रोहिणी, तीन नावे

आता खांद्याकडे वळू. हाताकडे जाणाऱ्या रक्ताचा मुख्य मार्ग एकच आहे. डावीकडे तो महारोहिणीच्या कमानीतून थेट निघतो, उजवीकडे एका सामाईक फाट्यातून. जत्रुकाच्या, म्हणजे गळ्याखाली हाताला लागणाऱ्या आडव्या हाडाच्या, मागून जाताना त्याचे नाव असते सबक्लेव्हियन. पहिल्या बरगडीची बाहेरची कड ओलांडली की तोच मार्ग अ‍ॅक्सिलरी होतो. काखेच्या मागच्या बाजूस टेरेस मेजर नावाचा स्नायू आहे. त्याची खालची कड ओलांडली की तो ब्रॅकियल होतो. ह्या सरहद्दींवर नळीत काहीही बदलत नाही, तेथे झडप नाही की सांधा नाही. गावाची हद्द संपली की त्याच रस्त्याला दुसरे नाव लागावे, तसाच हा प्रकार आहे.

म्हणजे ही नावे रोहिणीची कमी आणि तिच्या शेजाऱ्यांची अधिक आहेत. अ‍ॅक्सिलरी रोहिणीचे पुन्हा तीन भाग करतात, तेही शेजाऱ्यावरून. छातीचा लहान स्नायू तिच्यावरून आडवा जातो. त्याच्या आधीचा पहिला भाग, त्याच्या मागचा दुसरा आणि त्याच्या पुढचा तिसरा. साधारणपणे पहिल्या भागातून एक, दुसऱ्यातून दोन आणि तिसऱ्यातून तीन शाखा निघतात. काख ही चार भिंतींची, वर निमुळती होत गेलेली खोली मानली, तर पुढची भिंत छातीच्या स्नायूंची, मागची खांद्याच्या पात्याची आणि त्यावरील स्नायूंची, आतली बरगड्यांची आणि बाहेरची दंडाच्या हाडाची. ह्या खोलीत रोहिणी, तिच्या आतल्या बाजूस नीला, भोवती हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचे तीन जाड दोर आणि मधल्या मऊ चरबीत लसीका ग्रंथी. त्या तीन दोरांची नावेही ते रोहिणीच्या कोणत्या बाजूस आहेत ह्यावरूनच पडली आहेत.

ग्रेच्या ग्रंथात हा प्रदेश कोठे सापडतो? खांद्याची हाडे अस्थींच्या प्रकरणात, सांधा सांध्यांच्या, स्नायू स्नायूंच्या, रोहिणी रोहिण्यांच्या, नीला त्यानंतर आणि मज्जातंतू आणखी कितीतरी पानांनंतर. वाचकाने पाच-सहा ठिकाणी बोटे घालून ग्रंथ उघडा धरावा, तेव्हा कोठे एक खांदा पुरा होतो.

ग्रंथाचे यश

परीक्षकाने येथेच निकाल देऊन टाकणे अन्यायाचे होईल. ग्रंथाच्या मूळ नावात वर्णनात्मक आणि शल्यविषयक असे दोन शब्द होते, आणि ग्रेने दुसरा शब्द विसरू दिलेला नाही. रोहिण्यांच्या प्रकरणातच तो थांबून काखेचे, एक प्रदेश म्हणून, वर्णन करतो. रोहिणीच्या पुढे कोण, मागे कोण, आत कोण, बाहेर कोण, ह्याचे चौकटीसारखे कोष्टक तो देतो. शल्यविशारद सुरी चालवतो ती संस्थेवर नव्हे, प्रदेशावर, हे त्याला पक्के ठाऊक होते. गुंगीची औषधे तेव्हा नुकतीच, १८४६ पासून, वापरात आली होती आणि जंतुनाशक शस्त्रक्रियेला अजून काही वर्षे अवकाश होता. चुकून नीला कापली गेली किंवा मज्जातंतू दोऱ्यात बांधला गेला, तर रुग्णाचा हात किंवा जीव जाणार होता.

तेव्हा आमची तक्रार अशी की, ग्रेला शेजार महत्त्वाचा वाटत होता, पण ग्रंथाच्या रचनेत त्याने शेजाराला टीपेची जागा दिली. पुढे ग्रंथाची नक्कल करणाऱ्यांनी टीप गाळली आणि रचना तेवढी ठेवली. शाळेतील तक्ता हा त्या नकलेचा शेवटचा टप्पा आहे.

दुसरा मार्ग तेव्हाही माहीत होता. निकोलाय पिरोगोव्ह हा रशियन शल्यविशारद १८५० च्या दशकात गोठवलेल्या देहांचे छेद घेऊन, एका पातळीत कोण कोणाशेजारी आहे हे दाखवीत होता. त्याहून कितीतरी जुनी अशी सुश्रुतसंहितेतील मर्मांची कल्पनाही प्रादेशिकच आहे. मांस, सिरा, स्नायू, अस्थी आणि संधी जेथे एकत्र येतात त्या १०७ जागा तेथे सांगितल्या आहेत. खांद्याभोवती अंस, अंसफलक आणि कक्षाधर ही मर्मे येतात आणि तेथे घाव बसला तर हाताचे काय होईल, तेही दिले आहे. त्या वर्णनात आजची शरीररचना शोधू नये. पण 'येथे लागले तर काय काय दुखावेल?' हा प्रश्न मात्र अगदी योग्य आहे.

ग्रेच्या ग्रंथाने स्वतःची रचना बदलायला १४७ वर्षे घेतली. २००५ सालच्या ३९ व्या आवृत्तीत संस्थावार मांडणी सोडून प्रदेशवार मांडणी स्वीकारण्यात आली. टोरांटोच्या ग्रँट ह्यांचा प्रदेशवार नकाशासंग्रह त्याआधी बासष्ट वर्षे, १९४३ सालीच, बाहेर पडला होता. आपले शालेय तक्ते मात्र अजून संस्थांचेच आहेत.

झाड की जाळे?

रक्ताभिसरणाच्या तक्त्यावर रोहिण्या झाडासारख्या दिसतात. खोड, फांद्या, डहाळ्या. फांदी तोडली की पुढची पाने वाळणार, असा त्याचा अर्थ मूल लावते. खांद्याच्या पात्यावर हा अर्थ चुकतो.

पात्याला तीन बाजूंनी रक्त येते. वरच्या कडेवरून सुप्रास्कॅप्युलर रोहिणी येते आणि आतल्या कडेने डॉर्सल स्कॅप्युलर उतरते. ह्या दोघींचे मूळ सबक्लेव्हियन रोहिणीच्या परिसरात, म्हणजे मानेच्या पायथ्याशी आहे. तिसरी, सर्कमफ्लेक्स स्कॅप्युलर, बाहेरच्या कडेला वळसा घालून येते. तिचे मूळ काखेत, अ‍ॅक्सिलरीच्या तिसऱ्या भागातून निघणाऱ्या सबस्कॅप्युलर शाखेत आहे. पात्याच्या पाठीवर ह्या तिघींच्या शाखा एकमेकींना मिळतात. ह्याला संमीलन म्हणतात.

आता समजा, मुख्य मार्ग जत्रुकापाशी किंवा काखेच्या वरच्या भागात हळूहळू बंद होत गेला. मानेकडून आलेले रक्त पात्यावर उतरते, तेथून सर्कमफ्लेक्स स्कॅप्युलरमध्ये उलट्या दिशेने शिरते आणि अडथळ्याच्या पलीकडे मुख्य रोहिणीत येऊन हाताकडे जाते. ज्या नळीतून रक्त पात्याकडे जायचे, तिच्यातूनच ते आता पात्याकडून येते. महारोहिणी जन्मतः अरुंद असलेल्या काही रुग्णांत पात्याभोवतीच्या रोहिण्या इतक्या फुगतात की पाठीवर त्यांचे स्पंदन हाताला लागते.

ह्या व्यवस्थेला मर्यादाही आहेत. अडथळा सबस्कॅप्युलर शाखेच्या वर असेल तरच हा वळणमार्ग उपयोगी. खाली असेल तर पर्याय बरेच तोकडे पडतात. अडथळा हळूहळू आला तर बारीक नळ्यांना रुंद व्हायला सवड मिळते, अचानक आला तर तेवढी मिळत नाही.

हे ज्ञान केवळ परीक्षेपुरते नाही. खांदा निखळला किंवा दंडाचे हाड वरच्या टोकाशी मोडले, तर डॉक्टर प्रथम मनगटाची नाडी पाहतात. नाडी लागली नाही तर धोका उघड आहे. पण नाडी लागली म्हणजे अ‍ॅक्सिलरी रोहिणी शाबूत आहे, असे खात्रीने म्हणता येत नाही; रक्त संमीलनातून वळसा घालून आलेले असू शकते. ज्याच्या मनात झाडाचे चित्र पक्के बसले आहे, तो येथे निर्धास्त होईल. ग्रेने संमीलनाचे वर्णन केले आहे आणि पात्याच्या पाठीवरील रोहिण्यांचे स्वतंत्र चित्रही ग्रंथात आहे. तक्त्यात मात्र त्याला जागा मिळालेली नाही.

स्थिर चित्र, हलता सांधा

चित्रांविषयी दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. खांदा हा शरीरातील सर्वांत अधिक फिरणारा सांधा. चित्रातील हात मात्र विच्छेदनाच्या सोयीसाठी बाजूला ताणलेला असतो, कारण तो तसा केल्याशिवाय काख उघडत नाही. वस्तुतः अ‍ॅक्सिलरी रोहिणीचा आकार हाताच्या स्थितीबरोबर बदलतो. हात काटकोनात धरला की ती जवळजवळ सरळ, आणखी वर नेला की खालून बाक घेतलेली आणि हात खाली सोडला की वरच्या बाजूस बाक आलेली. ग्रेच्या ग्रंथात ही गोष्ट शब्दांत आहे. चित्र मात्र एकच आहे, आणि विद्यार्थ्याच्या लक्षात राहते ते चित्र.

ह्या प्रश्नाची दुसरी बाजू १९७० साली रॅथबन आणि मॅकनॅब ह्या संशोधकांनी दाखविली. हात वर उचलण्याची सुरुवात करून देणाऱ्या सुप्रास्पायनॅटस स्नायूची कंडरा हाडाला चिकटते त्याच्या जवळच बहुधा फाटते. तेथे रक्त कमी पोचते, असे मानले जाई. त्यांनी मृतदेहांच्या रक्तवाहिन्यांत रंगद्रव्य भरून पाहिले. हात अंगालगत असताना तो भाग रिकामा राहिला. हात बाजूला उचललेला असताना त्याच भागातील वाहिन्या जवळजवळ पूर्ण भरल्या. म्हणजे चित्रातील रिकामी जागा काही अंशी देह कसा ठेवला होता, ह्यावर अवलंबून होती. पुढे जिवंत माणसांत लेझरच्या साहाय्याने मोजमापे झाली, तेव्हा तेथे रक्तप्रवाह आढळला. मृतदेहावरून जिवंत खांद्याबद्दल बोलताना किती जपावे लागते, ह्याचा हा धडा आहे.

छापलेले आणि मोजलेले

तिसरे उदाहरण दंडाच्या हाडाच्या गोल डोक्याचे. त्याला अ‍ॅक्सिलरीच्या दोन शाखा रक्त पुरवतात. दोन्ही हाडाच्या मानेला वेढतात, एक पुढून आणि एक मागून. मागची शाखा जाडीने मोठी असते, हे ग्रंथांत होतेच. तरीही डोक्याचा मुख्य पुरवठा पुढच्या शाखेचा, असे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धरले जाई, कारण पुढच्या शाखेचा एक फाटा हाडात शिरून वळताना स्पष्ट दाखविता आला होता. २०१० साली हेट्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २४ मृत खांद्यांवर चुंबकीय प्रतिमांच्या मदतीने प्रत्यक्ष वाटा मोजला. तो मागच्या शाखेचा सुमारे ६४ टक्के आणि पुढचीचा सुमारे ३६ टक्के भरला.

जी वाहिनी नीट दिसली तिला मुख्य मानले गेले, आणि कोणी मोजेपर्यंत ते तसेच राहिले. त्यात भर म्हणजे शाखांची रचना सर्वांत सारखी नसते. पुष्कळ देहांत सबस्कॅप्युलर आणि मागची वेढणारी शाखा एकाच बुंध्यातून निघतात. ग्रंथातील चित्र हा अनेक शरीरांतून निवडलेला एक नमुना असतो. 'आकृतीप्रमाणे नाही म्हणून चूक' असे आपण उत्तरपत्रिकेत लिहितो, तेव्हा हे आठवावे.

वर्गात काय करावे

खांद्याचा शेजार आपल्या सर्वांच्या उपयोगाचा कसा आहे, ह्याची साक्ष २०२१ साली मिळाली. त्या वर्षी आपल्यापैकी बहुतेकांनी करोनाची लस दंडाच्या वरच्या स्नायूत टोचून घेतली. ती जागा सहज निवडलेली नाही. फार वर टोचले तर सुई सांध्याच्या भोवतालच्या पिशवीत जाऊ शकते. फार खाली किंवा मागे गेले तर मज्जातंतू जवळ येतात. म्हणून खांद्याच्या टोकावरील हाड चाचपून त्याखाली दोन-तीन बोटे मोजायची. ज्याला फक्त स्नायूंचा तक्ता माहीत आहे, त्याला ह्या दोन-तीन बोटांचे कारण सांगता येणार नाही. कुबडीवर काखेने भार देऊ नये, हातांनी द्यावा, ह्या सूचनेचे कारणही तेच. काखेत दाब पडून मज्जातंतू दुखावला तर मनगट लुळे पडते.

ह्यासाठी महागडे साहित्य लागत नाही. चारही तक्त्यांवरील फक्त खांद्याचा भाग ट्रेसिंग कागदाच्या चार तुकड्यांवर, एकाच मापात, मुलांकडून काढून घ्यावा. ते कागद एकमेकांवर ठेवून खिडकीच्या काचेवर धरले की प्रदेश दिसू लागतो. रोहिणी बरगडी कोठे ओलांडते, नीला कोणत्या बाजूला आहे, कोणता मज्जातंतू हाडाला चिकटून जातो, हे मुले आपण होऊन विचारतील. चारही चित्रे नीट जुळणार नाहीत, कारण तक्त्यांतील माणसे वेगवेगळ्या बेताची काढलेली असतात. त्यावरही चर्चा करावी.

दुसरा प्रयोग नाडीचा. कापडाचा लहान घट्ट गोळा काखेत धरून दंड अंगाशी काही क्षणच दाबावा आणि दुसऱ्याने मनगटाची नाडी पाहावी. ती क्षीण होते किंवा लागेनाशी होते. नाडी थांबविण्याची सिद्धी दाखविणाऱ्यांची ही जुनी युक्ती आहे. काखेतली रोहिणी दंडाच्या हाडावर दाबली जाते, एवढेच त्यामागचे रहस्य. गोळा लगेच काढावा आणि हाताला दुखापत झालेल्या मुलांना हा प्रयोग करायला लावू नये.

ग्रेचा ग्रंथ आणि कार्टरची चित्रे ह्यांचे ऋण मोठे आहे, आणि ते मान्य करूनच आम्ही हे लिहिले आहे. संस्थांचा क्रम नावे शिकण्यासाठी सोयीचा आहे, तो ठेवावा. पण प्रत्येक संस्था शिकवून झाली की एक तास एखाद्या प्रदेशासाठी राखावा. आज खांदा, पुढच्या महिन्यात मान, नंतर गुडघा. अपघात, रोग आणि इंजेक्शनची सुई ह्यांना पुस्तकातील प्रकरणे ठाऊक नसतात. त्यांची गाठ पडते ती एका जागेशी आणि तेथे शेजारी शेजारी असणाऱ्या सगळ्यांशी.